तळणाचा वास

बेलमीराने तळघरातल्या टाकीच्या पोटावर टकटक करत बोटं वरून खाली आणली. वर पोकळ आवाज, मधेही पोकळ, आणि पार गुडघ्याच्या उंचीला आल्यावर तो बद्द झाला. म्हणजे घर गरम ठेवणाऱ्या बॉयलरचं तेल तेवढंच उरलं होतं. टाकीवरचा काटा केव्हाच अडकून बसला होता आणि आर्लिंदोने तो कधी दुरुस्त केला नव्हता. सारा जन्म तेलाच्या गाडीवर काढलेल्या माणसाला काट्याची काय मातब्बरी. तो बोटांनी ऐकायचा, आणि लग्नानंतर दोन हिवाळ्यांत तिलाही ते जमायला लागलं होतं.

"किती आहे?" जिन्याच्या वरच्या पायरीवरून लुसिंदाने विचारलं.

"आठवडाभराचं. थंडी नाही वाढली तर."

"वाढणार आहे, माय. शनिवारी बर्फ सांगितलंय."

लुसिंदा तिची एकुलती एक मुलगी. इस्पितळात परिचारिका होती, रात्रपाळी करून थेट इकडे आली होती आणि अंगातला कोटही अजून काढला नव्हता. कोट न काढणं ही तिची जुनी खोड. भांडायचं ठरवून आली की ती कोट काढत नसे.

पण आज भांडण्यासारखं काही उरलं नव्हतं, कारण जे ठरायचं ते फेब्रुवारीतच ठरलं होतं. आर्लिंदो जाऊन तेव्हा दोन वर्षं होत आली होती आणि बॉयलरकडे कोणी ढुंकून पाहिलं नव्हतं. एका सकाळी तो बंद पडला. लुसिंदा दुपारी आली तर आई स्वयंपाकघरात, कोट आणि दोन शाली अंगावर, ओव्हनचं दार सताड उघडं टाकून त्याच्यासमोर जपमाळ ओढत बसलेली. लुसिंदा त्या दिवशी ओरडली नाही, हेच बेलमीराला जास्त लागलं होतं. तिने ओव्हन बंद केला, मेकॅनिकला फोन लावला आणि शांतपणे सांगितलं, की पुढच्या हिवाळ्यात हा बॉयलर एकदा जरी बंद पडला तरी तू माझ्याकडे राहायला यायचंस. आणि हे घर विकायचं.

बेलमीराने तेव्हा मान हलवली होती. आता ती मान हलवल्याचा तिला पस्तावा होत होता. लुसिंदाचं घर चांगलं होतं, गरम होतं, जावई सज्जन होता. पण तिथे खिडकीतून दुसऱ्यांची गॅरेजं दिसायची. इथे टेकडीवरून खाली फॉल रिव्हर शहरातल्या जुन्या गिरण्या, त्यांच्यामागे नदी आणि चर्चचे दोन मनोरे दिसायचे. त्यातल्या एका गिरणीत ती असोरेस बेटांवरून आल्या आल्या, एकोणीस वर्षांची असताना, पडद्यांचे काठ शिवायला बसली होती. मागच्या अंगणात तिच्या हाताने लावलेली कोबीची झाडं होती, आर्लिंदोने बांधलेला द्राक्षांचा मांडव होता. ते सोडून जाण्यापेक्षा थंडीत बसलेलं बरं, असं तिला मनापासून वाटे. पण मुलीसमोर ते बोलायची सोय नव्हती.

त्यात आता हे नवीन तेल. आर्लिंदो ज्या कंपनीत होता ती आता जुन्या मालकाची मुलगी नातालिया चालवत होती, गाडीही स्वतःच चालवायची. तिने सगळ्या गिऱ्हाइकांना पत्रं पाठवली होती. या हिवाळ्यापासून आमच्या गाड्यांत एकच तेल असेल. निम्मं नेहमीचं, निम्मं वनस्पतींचं, म्हणजे सोयाबीनचं आणि हॉटेलांच्या कढयांतलं वापरलेलं, शुद्ध केलेलं. धूर कमी, काजळी कमी, पृथ्वीवर भार कमी. बॉयलर बदलायची गरज नाही. मान्य नसेल त्यांनी कळवावं.

मान्य नसेल त्यांनी कळवून जायचं कुठे, हे पत्रात नव्हतं. या उतारावरच्या बोळात मागे मागे गाडी घालायची धमक दुसऱ्या कुठल्या तेलवाल्यात नव्हती. आणि मान्य करावं, तर शेजारच्या फिलोमेनाचं उदाहरण डोळ्यांसमोर होतं. पलीकडच्या गावातल्या कुठल्याशा स्वस्त तेलवाल्याकडून तिने मागच्या वर्षी असलंच मिश्रण घेतलं, आणि त्या तेलाने तिच्या टाकीच्या तळाशी बसलेला वर्षानुवर्षांचा गाळ खरवडून काढला. तो गाळ फिल्टरात जाऊन अडकला आणि फिलोमेना तीन दिवस थंडीत. चर्चमध्ये सगळ्यांच्या तोंडी हेच होतं. फिलोमेनाने स्वतः बेलमीराला सांगायचा प्रश्न नव्हता, दोघींमधून विस्तव जात नव्हता.

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत झाली होती.

"मी अजून सांगते," लुसिंदा दोन पायऱ्या खाली आली. "तेलच काढून टाकू. विजेवरचा हीट पंप बसवू. त्यात टाकी नाही, गाळ नाही, धूर तर नाहीच. हे अर्धं अर्धं काय? उपासाच्या दिवशी अर्धंच मटण खाल्लं म्हणण्यासारखं आहे."

"अर्धं तर अर्धं. तेवढं पाप कमी."

"माय, शेतं सोयाबीनखाली घालायची आणि ते जाळायचं, हे तरी कुठलं पुण्य?"

"सगळं सोयाबीन नाहीये. मासे तळणाऱ्या दुकानांतलं टाकाऊ तेल पण आहे त्यात." हे वाक्य आपल्या तोंडून निघालं याचं बेलमीरालाच नवल वाटलं. अकरा वर्षांपूर्वी याच टाकाऊ तेलाबद्दल ती काय काय बोलली होती.

तेवढ्यात मागच्या दाराशी बूट आपटल्याचा आवाज झाला आणि नातालिया हातात काचेची मोठी बरणी आणि पान्यांची पिशवी घेऊन खाली आली. चाळिशीची, रुंद खांद्यांची बाई. हाताला तेलाचा वास कायमचा. लहानपणापासून ती बेलमीराला तीया, म्हणजे मावशी, म्हणत आली होती.

"तीया, दार उघडं टाकून कोणाला ऊब देताय? अख्ख्या बोळाला?"

"तू येणार म्हणून उघडं ठेवलं. कॉफी घेतेस?"

"आधी टाकी बघू. मग कॉफी घ्यायची की डॉक्टरला बोलवायचं ते ठरवू." तिने लुसिंदाकडे पाहून मान हलवली. दोघी शाळेत एका वर्गात होत्या. "तुलाही सांगते. टाकी एकतीस वर्षांची आहे. अशा टाकीच्या बुडाशी काय असतं ते मला पाठ आहे. वीतभर काळा चिखल असतो. तसा निघाला तर मी या हिवाळ्यात तीयांना नवीन तेल घालणार नाही. मग टाकीच बदलायची, आणि ते होईपर्यंत..."

"होईपर्यंत माय माझ्याकडे," लुसिंदा म्हणाली.

 बेलमीराने ॲप्रनचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं. होईपर्यंत म्हणजे काय ते तिला ठाऊक होतं. एकदा या घराचं पाणी बंद झालं, झाडं सुकली, की मग वसंतात कोण परत आणून सोडतंय.

नातालियाने फिल्टरखाली बरणी धरली आणि पाना फिरवला. तिघीही वाकल्या. तेल धारेने बरणीत पडलं. नातालियाने टाकीच्या बुडाचा नळही सोडला, आणखी दोन बोटं तेल येऊ दिलं, मग बरणी उचलून दिव्यासमोर धरली.

तिच्या कपाळावर आठी पडली. बेलमीरा आणखी पुढे झुकली.

"काय झालं?"

"थांबा जरा." नातालियाने बरणी हलवली. मग फिल्टर बाहेर काढून बोटाने चाचपला. मग पुन्हा बरणी पाहिली. "काही नाही झालं. हेच तर कळत नाहीये. ह्यात काहीच नाही."

बरणीतलं तेल मधासारखं होतं. आरपार लुसिंदाचा कोट दिसत होता.

"ही टाकी कोणी धुतलीय, तीया?"

"कोण धुणार? टाकी धुतात का कधी?"

"नाही धुत. पण एक गोष्ट आहे जी आतून धुते." नातालियाने बरणी जमिनीवर ठेवली आणि बॉयलरसमोर गेली. तिथे तारेने पुठ्ठ्याचं एक कार्ड टांगलेलं होतं. प्रत्येक बॉयलरला असतं. जो कोणी बॉयलर उघडतो त्याने तारीख घालून काय केलं ते त्यावर लिहायचं आणि खाली सही करायची. नातालियाने ते वाचलं. दर वर्षी एक ओळ, सफाई केली, आणि आर्लिंदोची सही; शेवटी फक्त फेब्रुवारीतल्या मेकॅनिकची नोंद. तिने मान हलवली. "हे खोटं नाही, पण पुरं पण नाही. आर्लिंदोकाका असं अर्धवट लिहिणाऱ्यातले नव्हते. माझ्या बाबांनी आणि त्यांनी आम्हाला पहिल्या दिवशी काय शिकवलं? गिऱ्हाइकाशी खोटं बोललात तर देव बघून घेईल. पुठ्ठ्यावर खोटं लिहिलंत तर पुढचा मेकॅनिक मरेल."

ती बॉयलर आणि भिंत यांच्यामधल्या फटीत एक हात खांद्यापर्यंत घालून चाचपडत राहिली. मग तिचा चेहरा बदलला.

"हं. मिळालं."

मागच्या पाइपाला उलट्या तोंडाने बांधलेला दुसरा पुठ्ठा होता. कडा काळवंडलेल्या, पण अक्षर स्पष्ट. सहाला शेपूट काढणारं आर्लिंदोचं अक्षर बेलमीराने लांबूनच ओळखलं.

"वाच," ती म्हणाली. चष्मा वरच राहिला होता.

"नोव्हेंबर, अकरा वर्षांपूर्वीचा. मठाच्या गाडीतलं तेल, शंभरात पाच. मग डिसेंबर, फिल्टर बदलला. डिसेंबर, फिल्टर बदलला. जानेवारी, फिल्टर, खूप काळं. जानेवारी, फिल्टर. फेब्रुवारी, फिल्टर, जरा बरं." नातालियाचा आवाज हळू झाला. "पुढच्या वर्षी शंभरात दहा. मग वीस. पुढची चार वर्षंही वीसच. तीस. आणि हे शेवटचं, ते जायच्या आधीच्या शरद ऋतूतलं. पन्नास."

 बर्नर गरम होऊन बंद झाला होता, आणि पाइप टक टक करत निवत होते.

अकरा वर्षांपूर्वी टेकडीवरच्या मठातल्या सिस्टरांनी पहिल्यांदा हे मिश्रण घ्यायला सुरुवात केली होती. आर्लिंदोने रात्री जेवताना हौसेने सांगितलं, की मठाच्या तळघरात हल्ली खोकला येत नाही, आपणही घेऊन बघू. बेलमीराने सूपचा डाव पातेल्यात टाकून त्याला विचारलं होतं, माशांच्या दुकानातलं खरकटं तेल माझ्या घरात? आपण काय भिकारी आहोत? एवढ्यावर न थांबता दुसऱ्या दिवशी ती कंपनीच्या कचेरीत गेली आणि नातालियाच्या वडिलांकडून स्वतःच्या नावाच्या कार्डावर लिहून घेतलं, या घरात तळणाचं तेल घालायचं नाही. म्हाताऱ्याने मुकाट लिहून दिलं.

"ते कार्ड अजून आहे," नातालिया म्हणाली. "म्हणून दोन वर्षं मी तुम्हाला साधं तेल घालतेय. त्याआधी इथली गाडी काकाच आणायचे, आणि बाबांनी मला ताकास तूर लागू दिली नाही."

"पप्पांनी तुला फसवलं, माय," लुसिंदा म्हणाली. पण तिचा आवाज भांडणाचा नव्हता, आणि तिने नकळत कोटाची वरची दोन बटणं सोडली होती.

बेलमीरा जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसली. तो पहिला हिवाळा तिला आठवला. आर्लिंदो जेवण झालं की तळघरात जायचा, कधी पहाटेही उठून जायचा. ती वर दाराशी उभी राहायची आणि तो वर आला की त्याच्या तोंडाचा वास घ्यायची. तिची खात्री होती की कुठल्या तरी फळीमागे त्याने दारूची बाटली लपवलीय. तिने त्याला पाद्रीकडे नेऊन शपथ घ्यायला लावली होती. आणि या बाबाने गुडघे टेकून, मान खाली घालून, जी सोडायला त्याच्याकडे नव्हतीच ती दारू सोडली होती.

"माझ्या चादरी," ती एकदम म्हणाली.

"काय?"

"दोरीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरींवर धुराड्याचे काळे ठिपके पडायचे. मी त्याचं रोज डोकं खायचे. मग ते बंद झाले. मी म्हटलं, बघ, मी साबण बदलला." तिने नातालियाच्या हातातल्या पुठ्ठ्याकडे पाहिलं. "तो म्हणाला, साबण फार चांगला आहे. आणि दर महिन्याला तो साबण आणून द्यायचा."

लुसिंदा हसायला लागली. नातालियाही. बेलमीराला हसायचं नव्हतं, पण ते आतून आलंच, आणि त्याच्याबरोबर डोळ्यांत पाणीही आलं. तिने ते ॲप्रनने पुसलं नाही. गेले कितीतरी आठवडे छातीवर जे दडपण घेऊन ती झोपत होती ते कुठे गेलं तेच तिला कळेना. ज्या तेलाला ती घाबरत होती त्याच्यावर तिने नऊ हिवाळे काढले होते, त्यातला शेवटचा तर निम्म्या निम्म्यावर, आणि एकदाही घर थंड पडलं नव्हतं. तिचा जीव भांड्यात पडला.

"मग?" तिने लुसिंदाकडे न बघता विचारलं. "मी येऊ सामान बांधून?"

 लुसिंदाने कोट काढून जिन्याच्या कठड्यावर टाकला.

"दर सप्टेंबरला नातालिया येऊन बॉयलर साफ करेल. तू तिला नको म्हणायचं नाहीस."

"नाही म्हणणार."

"आणि हीट पंपाचा विषय मी सोडलेला नाही. हा बॉयलर म्हातारा होईल तेव्हा बोलू."

"तोवर मीही होईन. तेव्हा काय ते बोल."

"ओव्हनसमोर बसायचं नाही."

"बसणार नाही, म्हटलं ना."

नातालियाने नवीन फिल्टर सवयीने दोनदा पुसून बसवला. आणखी दोन फिल्टर तिने फळीवर काढून ठेवले. दोन वर्षं साधं तेल होतं, थोडंफार काही सुटलंच तर ती पहिल्या महिन्यात दोनदा येऊन जाणार होती, न बोलावता. मग ती बाहेर गेली, आणि नळी अंगणातून ओढत घराच्या बाजूच्या भोकाला लावल्याचा आवाज आला. तेल आत यायला लागलं तशी टाकीच्या हवेच्या पाइपातली शिट्टी वाजायला लागली. बाहेरच्याने या शिट्टीवर कान ठेवायचा. ती वाजते तोवर टाकीत जागा आहे, थांबली की टाकी भरली. आर्लिंदो बाहेर उभा असायचा तेव्हा बेलमीरा स्वयंपाकघरात काम करता करता ऐकायची. आजही ती पायरीवरून उठली नाही. शिट्टी बराच वेळ वाजली आणि थांबली.

नातालिया परत आली, तेव्हा मागचा पुठ्ठा तिने सोडवून घेतला होता. तिने तारीख घातली, त्याखाली पन्नास लिहिलं, सही केली. मग पुठ्ठा घेऊन ती क्षणभर उभी राहिली.

"कुठे टांगू, तीया? मागे की पुढे?"

"पुढे," बेलमीरा म्हणाली.

कॉफी झाली, गोड पावाचे तीन जाड तुकडे झाले. नातालिया पुढच्या घरी गेली, लुसिंदा दिवाणावर कलंडली आणि पायातल्या बुटांसकट झोपली. खाली बर्नर पुन्हा सुरू झाला. बेलमीरा कपबश्या विसळत होती. खिडकी बोटभर उघडी होती. पंधराएक मिनिटांनी तिचा हात थांबला.

धुराड्याकडून वास येत होता. अगदी पुसट, आणि अगदी ओळखीचा. कढईतून काढून साखरेत घोळवलेल्या मालासादांचा, तळणीचा वास.

हाच वास नऊ वर्षं तिच्या पडद्यांत बसला होता. हाच वास येतो म्हणून तिने आधी आर्लिंदोकडे तक्रार केली, तर त्याने जेवणावरची नजर न उचलता सांगितलं होतं, शेजारी फिलोमेना तळत असेल. मग ती फिलोमेनाच्या दारात जाऊन उभी राहिली होती. शेजाऱ्यांच्या नाकाचा विचार कर, असलं जळकं तेल कोणी आठ आठ दिवस वापरत नाही, असं भर बोळात बोलली होती. फिलोमेनाने आपण आठवड्यातून एकदाही तळत नाही म्हणून मेरीची शपथ घेतली. बेलमीराने ती शपथही खोटी म्हटलं. तेव्हापासून एका चर्चमध्ये, एका बाकावर दोन टोकांना.

आणि आर्लिंदो गेल्यापासून वास बंद झाला होता. बेलमीराला वाटलं होतं, फिलोमेनाला शेवटी लाज वाटली, निदान दुखवट्याचा तरी मान ठेवला. त्याबद्दल तिला मनातून बरंही वाटलं होतं. एकदोनदा जाऊन बोलावंसंही वाटलं, पण मग चूक तिची, मी का जाऊ, असं म्हणून ती राहिली होती.

तिने कपबशी ठेवली, हात पुसले. उरलेला गोड पाव स्वच्छ फडक्यात बांधला. लुसिंदाच्या अंगावर शाल टाकली. मग मागच्या दाराने बाहेर पडून, द्राक्षांच्या उघड्या मांडवाखालून, कुंपणाच्या त्या फाटकातून ती पलीकडे गेली, ज्याची कडी एवढी गंजली होती की दोन्ही हातांनी उचलावी लागली.

फिलोमेनाने दार अर्धंच उघडलं. केस पांढरे झाले होते. एवढ्या जवळून इतक्या वर्षांत पाहिलेच नव्हते. तिने बेलमीराच्या हातातल्या गाठोड्याकडे पाहिलं, मग हवेत नाक उचलून वास घेतला आणि तिचा चेहरा कडक झाला.

"आज मी काही तळलेलं नाहीये," ती म्हणाली.

"ठाऊक आहे," बेलमीरा म्हणाली. "कधीच तळत नव्हतीस."